चरबीचा डबा आणि पंतप्रधान

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे माजी उपनेते रॉय हॅटर्सली १९९३ साली बीबीसीच्या ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ या कार्यक्रमाला आले नाहीत. ऐनवेळी नकार देण्याची ही त्यांची तिसरी खेप होती. निर्मात्यांनी त्यांच्या जागी डुकराच्या चरबीचा डबा ठेवला, त्याला खासदाराची बिरुदे लावली आणि ४ जूनला कार्यक्रम दाखवला. हॅटर्सली बहुप्रसवी लेखक, अनेक दशकांची त्यांची राजकीय कारकीर्द. पण त्यांचे नाव निघाले की तो डबा आठवणारे आजही भेटतात.

न येणाऱ्याची ही गत. येणाऱ्याचे काय झाले, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

सप्टेंबर १९९० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाची घडण साधी आहे. दोन संघ; एकाचे कर्णधार विनोदवीर पॉल मर्टन, दुसऱ्याचे ‘प्रायव्हेट आय’ या उपहासात्मक पाक्षिकाचे संपादक इयन हिस्लॉप. प्रत्येकाशेजारी एक पाहुणा. आठवड्यातल्या बातम्यांवर प्रश्न, मथळ्यांतले गाळलेले शब्द ओळखणे वगैरे. गुण मोजतात, पण ते कोणी मनावर घेत नाही. गुरुवारी चित्रण, शुक्रवारी प्रक्षेपण. मधल्या वेळात वकिलांची नजर. अब्रुनुकसानीच्या खटल्यांची हिस्लॉप यांना सवयच होती.

२४ एप्रिल १९९८ च्या भागात पाहुणे होते बोरिस जॉन्सन. तेव्हा ते पत्रकार होते. त्यांचे शाळासोबती डेरियस गपी यांनी १९९० मध्ये त्यांना फोन करून एका वार्ताहराचा पत्ता मागितला होता. त्या वार्ताहराला मारहाण करवायची होती. संभाषण ध्वनिमुद्रित झाले होते. मारहाण पुढे झाली नाही. हिस्लॉप यांनी हे प्रकरण सर्वांदेखत काढले. जॉन्सन गडबडले, केस विस्कटले, अडखळत बोलले. प्रेक्षक खदखदून हसले.

माझ्या मते या कार्यक्रमाच्या इतिहासातला हाच कळीचा क्षण. प्रश्न अगदी योग्य होता, पुरावाही होता. तरी लोकांच्या लक्षात आरोप राहिला नाही; राहिला तो गोंधळलेला, गमत्या माणूस. वार्ताहर-परिषदेत असा प्रश्न आला असता तर उत्तर द्यावे लागले असते. इथे हशा आला की पुढचा प्रश्न.

पुढचे काम योगायोगाने केले. ऑक्टोबर २००२ मध्ये सूत्रसंचालक अँगस डेटन यांना खासगी आयुष्याच्या बातम्यांमुळे काढण्यात आले. (त्याआधी त्यांच्याच कार्यक्रमात कर्णधारांनी त्यांची यथेच्छ सालटी काढली, हे वेगळे.) कायमचा माणूस नेमण्याऐवजी दर आठवड्याला नवा पाहुणा सूत्रसंचालक आणायचे ठरले. त्याच हंगामात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते चार्ल्स केनेडी त्या खुर्चीत बसले आणि आदल्याच वर्षी खासदार झालेले जॉन्सनही. म्हणजे ज्याची उलटतपासणी व्हायची, तोच आता प्रश्न वाचू लागला. जॉन्सन यांचे वाचन अडखळायचे. तेच लोकांना आवडायचे. २००४ मध्ये या कामासाठी त्यांना बाफ्टाचे नामांकनही मिळाले.

कादंबरीकार जोनाथन को यांनी २०१३ मध्ये ‘लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये या प्रकरणाची चिकित्सा केली. जो स्वतःवर आधीच हसतो, त्याला उपहास लागू पडत नाही, असा त्यांचा रोख आहे. तो मला पटतो, पण अर्धाच. केनेडीही स्वतःवर हसत, तेही याच खुर्चीत बसले. मात्र त्यांच्याबाबतीत हशाआड दडलेले असे ध्वनिमुद्रण नव्हते. फरक विनोदात नाही, हशाखाली काय झाकले गेले त्यात आहे.

जॉन्सन २००८ मध्ये लंडनचे महापौर आणि जुलै २०१९ मध्ये पंतप्रधान झाले. कायमचा सूत्रसंचालक मात्र त्या कार्यक्रमाने पुन्हा नेमलाच नाही.