समवयस्कांचा दबाव

समवयस्कांचा दबाव म्हणजे आपल्याच वयाच्या गटात सामावून राहण्यासाठी वर्तन, पेहराव वा मते बदलण्याची व्यक्तीला वाटणारी निकड. त्यात उघड आग्रह असतोच असे नाही. एकटे पडण्याची भीती पुरेशी ठरते. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ मधील प्रयोगात, मोटार चालविण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीनांनी सोबत्यांच्या देखत अधिक धोका पत्करला. प्रौढांत असा फरक आढळला नाही.

वऱ्हाडासह विदर्भात याचे ठळक उदाहरण म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ एकाच पुडीतून मित्रांत वाटला जातो. त्यामुळे नकार पदार्थाला नव्हे, तर सोबतीला दिल्यासारखा वाटतो. शिवाय पहिली चिमूट फुकट मिळते. सुपारीच्या दीर्घ सेवनाने तोंड उघडणे कमी होत जाते व हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर, २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू-सुपारीवर बंदी आली. या तरतुदींचा रोख उत्पादन व विक्रीवर आहे. मित्राने पुढे केलेली पुडी त्यांच्या आवाक्यात क्वचितच येते.

गटाचा प्रभाव उलट दिशेनेही चालतो. कौंडण्यपूर ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापिला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाने व्यसनमुक्तीचा प्रचार एकेकट्याला उपदेश करून न थांबता गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेशी जोडला.