भूपाळी आणि रणगीत : वसंत देसाई यांच्या दोन ऐतिहासिक चित्रपटांतील पारतंत्र्याचा स्वर

ऐतिहासिक चित्रपटाचे कथानक बहुधा जय वा पराजय यापाशी संपते. संगीत त्या शेवटाला बांधलेले नसते. राज्य बुडाल्यानंतरही पडद्यावर गाणे चालू राहू शकते, आणि राज्य बुडाले म्हणजे नेमके काय बुडाले व काय उरले, याचा निवाडा प्रेक्षक पुष्कळदा त्या गाण्यावरून करतो. स्वातंत्र्यप्राप्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत निघालेल्या ऐतिहासिक चित्रपटांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे; कारण नुकत्याच संपलेल्या पारतंत्र्याची स्मृती त्यांना घडवावयाची होती. वसंत देसाई यांनी संगीत दिलेले ‘अमर भूपाळी’ (१९५१) व ‘झाँसी की रानी’ (१९५३) हे दोन चित्रपट या दृष्टीने एकत्र ठेवून पाहण्याजोगे आहेत.

दोन्ही चित्रपटांचा काळ वेगळा असला तरी इतिहासाने ते एकमेकांना जोडलेले आहेत. व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’त पेशवाईच्या अखेरच्या पर्वातील शाहीर होनाजी बाळा यांची कथा आहे, आणि तिच्या पाठीमागे दुसऱ्या बाजीरावाचे पुणे आहे. १८१८ मध्ये राज्य गमावून हाच बाजीराव वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास गेला. त्याच्या आश्रयाने तेथे जी मराठी वसाहत उभी राहिली, तिच्यात मोरोपंत तांब्यांची कन्या मनू वाढली. सोहराब मोदी यांच्या ‘झाँसी की रानी’ची नायिका ती हीच. एका चित्रपटात पारतंत्र्याचा आरंभ आहे, दुसऱ्यात त्याविरुद्धचे १८५७चे युद्ध. संगीतकार मात्र एकच.

हा संगीतकार ज्या मुलखातला, त्याने पारतंत्र्य पुण्याच्याही आधी पाहिले होते. वसंत देसाई यांचा जन्म १९१२ मध्ये कुडाळ तालुक्यातील सोनवडे येथे, तत्कालीन सावंतवाडी संस्थानात झाला. कोल्हापूरकरांकडून मालवण बंदर व सिंधुदुर्ग किल्ला, तसेच सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती गेले ते १८१२ मध्ये, म्हणजे शनिवारवाड्यावर निशाण चढण्यापूर्वी पाच वर्षे. शिवछत्रपतींनी सागरी सत्तेसाठी बांधलेला जलदुर्ग लढाईवाचून, तहाच्या एका कलमाने परका झाला. राजकीय सत्तेच्या या उलथापालथीत येथील गावाचे सांस्कृतिक जीवन मात्र आपल्या लयीत चालू राहिले. जत्रेच्या रात्री दशावताराचा खेळ उभा राहतो, पखवाज, झांज आणि पेटी यांच्या साथीने राजे, राक्षस व देव मंदिरापुढच्या मोकळ्या जागेत येऊन झुंजतात, आणि पहाटे दहीकाल्याने खेळ संपतो. रात्रभरच्या युद्धाचा शेवट विजयाच्या घोषणेत होत नाही. तो बाळकृष्णाच्या दह्याहंडीत आणि उजाडण्यात होतो. देसाई यांची संगीतदृष्टी केवळ या परंपरेतून घडली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण प्रभात फिल्म कंपनीत गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा थोर संगीतकारांच्या सहवासात त्यांची उमेदवारी झाली. तथापि रात्र आणि पहाट यांची ही रचना ध्यानात ठेवली असता ‘अमर भूपाळी’चे संगीत अधिक नेमकेपणाने ऐकू येते.

भूपाळी हा देवाला जागविण्याचा गीतप्रकार आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी गाइल्या जाणाऱ्या भूप रागाशी त्याची गल्लत करू नये. होनाजीच्या नावावर असलेल्या ज्या भूपाळीभोवती हा चित्रपट गुंफलेला आहे, तिच्यात राज्याचा, राजाचा वा शत्रूचा उल्लेखही नाही. तिच्यात धारा काढणे आहे, हंबरणाऱ्या गाई आणि वाट पाहणारी वासरे आहेत, सडासंमार्जन करून घागरी घेतलेल्या गोपी आहेत. होनाजी जातीने गवळी होता हे लक्षात घेतले म्हणजे पुराणातील गोकुळ आणि शाहिराचा गोठा यांतील अंतर फारसे राहत नाही. देसाई यांनी चालीत ही जवळीक जपली. ती ठाय लयीत, शब्दांना पुरेसा अवकाश देत पुढे सरकते. घराच्या ओसरीवर गुणगुणता यावी इतकी ती साधी आहे. होनाजीची भूमिका करणारे पंडितराव नगरकर स्वतःच गायक असल्याने पडद्यावरील देह व कंठ एकच राहतात, आणि त्यांच्या आवाजाला लता मंगेशकर यांचा आवाज येऊन मिळतो. दरबारी बिदागीसाठी गाणारा शाहीर येथे आश्रयदात्यावाचून गातो. आश्रयदाता पेशवा गेला तरी भूपाळी उरते, कारण तिचा श्रोता दरबारात कधी नव्हताच. स्वातंत्र्य म्हणजे सत्तेच्या चढउतारापलीकडे टिकणारी रोजची पहाट, असा अर्थ हे संगीत सुचविते.

‘झाँसी की रानी’त हा अर्थ पुरेसा नव्हता. टेक्निकलरमधील हा भव्य व खर्चिक चित्रपट राष्ट्राची वीरगाथा म्हणून योजलेला होता. पंडित राधेश्याम यांच्या गीतांचे वळण कथावाचकाचे आहे. मोहम्मद रफी यांचा बुलंद आवाज आणि समूहस्वर यांच्या द्वारे देसाई यांनी त्या गीतांना पोवाड्याच्या जवळ नेले. येथे गाणे घटना सांगते, तिचे मोल ठरविते आणि श्रोत्याला पुढे चालण्याची हाक देते. संगीत म्हणून ही रचना दमदार आहे. परंतु वीरगीताचा स्वभावच असा की, ज्याचे स्वातंत्र्य पणाला लागले त्याच्याऐवजी त्याची कीर्ती गाणारा बोलू लागतो. भूपाळी श्रोत्याला जागे करते. रणगीत त्याला रांगेत उभे करते. पुढील काळात शालेय समूहगानासाठी देसाई यांनी जे मोठे कार्य केले, त्यात या दोन प्रेरणांचा मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो.

एवढ्यावर विवेचन थांबविले तर मात्र एक गंभीर प्रश्न बाजूला राहील. ‘पारतंत्र्य’ आणि ‘गुलामगिरी’ हे शब्द राष्ट्रवादी वाङ्मयात समानार्थी म्हणून वापरले गेले. इतिहासात ते समानार्थी नव्हते. ज्या पेशवाईच्या अस्तावर ‘अमर भूपाळी’ची करुण छाया पडते, त्या पेशवाईत कुणबिणी आणि बटकी होत्या, त्यांची खरेदी-विक्री व दाने होत, आणि पेशवे दप्तरात त्यांच्या नोंदी आहेत. उलट गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेणारा १८४३चा पाचवा कायदा स्वराज्य हिरावून घेणाऱ्या कंपनी सरकारचा आहे. या विसंगतीला वीरगीतात जागा नसते. लावणीत ती होती, कारण लावणी गाणारी व नाचणारी स्त्री त्याच व्यवस्थेच्या काठावर उभी होती. ‘अमर भूपाळी’तील नर्तकी गुणवतीच्या (संध्या) लावण्यांना देसाई यांनी ठसका व गोडवा दोन्ही दिले, पण होनाजीला लाभलेला स्वतःचा कंठ तिला नाही, ती पार्श्वस्वरात गाते. ही चित्रपटतंत्राची सोय खरी, तरीही तीमधून एक अर्थ आपोआप निष्पन्न होतो : शाहिराची मुक्ती त्याच्या तोंडून ऐकू येते, नर्तकीची येत नाही.

दुसरे मौन संगीतकाराच्या स्वतःच्या मुलखाचे आहे. १८४४-४५ मध्ये मनोहरगड व मनसंतोषगडाच्या आश्रयाने सावंतवाडी मुलखात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. फोंड सावंतांचे नाव त्यात अग्रभागी होते. १८५७च्या आधी बारा-तेरा वर्षे घडलेल्या या संघर्षाला झाशीप्रमाणे वीरगाथेचे भाग्य लाभले नाही. कोणते स्वातंत्र्य गावयाचे आणि कोणते विसरावयाचे, ही निवड चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच झालेली असते. संगीतकार फार तर निवडलेल्या गोष्टीला स्वर देतो.

असे असूनही दोन्ही चित्रपटांच्या संगीताचे आजचे मोल समान नाही. रणगीताला त्याचा शत्रू हवा असतो. तो गेला की त्याच्या आवेशाला स्मारकाचे रूप येते. भूपाळीला फक्त उजाडणे पुरते. होनाजीच्या पहाटेत घागर घेऊन निघालेली स्त्री आहे. ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न शाहिराने विचारला नाही आणि चित्रपटानेही नाही. देसाई यांच्या चालीने मात्र तिच्या चालण्याला वेळ दिला आहे, आणि तो प्रश्न विचारण्याची जागा तिथेच मोकळी राहिली आहे.