रिमचा आऊट: माउंटन बाइकच्या चाकाची गोष्ट

आजचा एपिसोड सायकलच्या रिमवर आहे. हसू नका. शहापूर-मुरबाडकडे तुमच्या घराच्या पडवीत नव्वदच्या दशकातली एमटीबी धूळ खात उभी असेल, तर पुढची पाच मिनिटं तुमच्यासाठीच आहेत.

आधी हा भाग डोळ्यासमोर आणा. शहापूरला जायचं तर आसनगाव स्टेशनला उतरायचं. मुरबाडला तर रेल्वेच नव्हती. पाड्यावरून एसटीच्या थांब्यापर्यंत, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत पाय नाहीतर सायकल. सायकल म्हणजे काळी, उंच, २८ इंची. अशा सायकलींच्या काळात मुंबईतही वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० साली संसदेने कायदा करून त्याचं राष्ट्रीयीकरण केलं.

या काळ्या सायकलचं चाक जुन्या इंग्रजी पद्धतीचं. पुढे ३२ स्पोक, मागे ४०. ब्रेक सळईचे, आणि त्यांची रबरं रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे हबच्या बाजूने दाबायची. त्यामुळे चाक थोडं डावी-उजवीकडे डुललं तरी ब्रेकला फारसा फरक पडत नसे.

आता जरा लांब जाऊ, कॅलिफोर्नियात. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथल्या मरिन काउंटीत काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडल्या. या शर्यतीचं नाव ‘रिपॅक’. का? उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने खास अशा उतारांसाठी सायकल बांधली. तिच्याही रिम लोखंडी, म्हणजे स्टीलच्याच होत्या. अॅल्युमिनियमच्या रिम नंतर आल्या. त्या हलक्या होत्या, आणि मुख्य म्हणजे ओल्या झाल्या तरी ब्रेक बऱ्यापैकी धरायच्या.

नव्वदच्या दशकात हर्क्युलस एमटीबी, हिरो रेंजर आपल्याकडे दिसू लागल्या. जाड टायर, सरळ हँडल, २६ इंची चाक. मला यात भारी वाटतं ते स्पोकचं गणित: आता पुढे ३६, मागे ३६. एकूण तेच ७२! पण खरा बदल ब्रेकचा होता. रबरं आता रिमच्या दोन्ही बाजूंना चिमटा घ्यायला लागली. चाक जरा डुललं की एका फेऱ्यात ब्रेक घासतो आणि मग सुटतो. त्यात बऱ्याच स्वस्त एमटीबींच्या रिम चकचकीत स्टीलच्याच होत्या. त्या आपल्या पावसात भिजल्या की ब्रेक दाबूनही सायकल पुढेच जाते.

म्हणून ‘आऊट काढणं’ ही गरज झाली. स्टँड नसला तरी चालतं. सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवायची, चाक फिरवायचं आणि रिमजवळ खडू धरायचा. खडू जिथे लागतो तिथे आऊट. रिम उजवीकडे पळत असेल तर त्या जागी हबच्या डाव्या बाजूने येणारे स्पोक पाव फेरा आवळायचे आणि उजवीकडचे तेवढेच सैल करायचे. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. घाई केली तर आऊट दुसरीकडे सरकतो. खड्ड्यात आपटून स्टीलच्या रिमची कड दबली असेल तर लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हळूहळू सरळ करता येते.

अॅल्युमिनियमला मात्र हा उपाय चालेलच असं नाही. ते वाकवून परत सरळ केलं की कमकुवत होतं. स्पोकच्या भोकाजवळ बारीक चीर दिसली, किंवा ब्रेक घासून रिमची बाजू खोलगट झाली असेल, तर ती रिम बदलायचीच. माळशेजच्या उतारावर पुढचं चाक बसलं तर जिवावर बेतेल. तिथे शे-दोनशे रुपयांची बचत बघू नका.

आज बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच मिळतं: ‘अख्खं चाक बदला.’ कधी ते बरोबरही असतं. पण नुसता आऊट असेल तर चांगली रिम भंगारात जाते, आणि खडू धरून आऊट ओळखणारी नजरही तिच्यासोबत जाते. तुमच्या नाक्यावर आऊट काढणारे एखादे काका अजून बसत असतील, तर सायकल नुसती सोडून येऊ नका. शेजारी बसा आणि स्पोकची चावी एकदा स्वतःच्या हाताने फिरवून बघा.