समुद्र घरात आला तो बायकांच्या हातून

आज आपण एका माशाबद्दल बोलणार आहोत, आणि तो खायचा मासा नाही. तव्याची तयारी करू नका.

मोठ्या हॉटेलात, नाहीतर सिनेमातल्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात भिंतीएवढी काचेची टाकी दिसते. त्यात ताटाएवढा एक मासा ऐटीत फिरत असतो. अंगावर निळे-पिवळे आडवे पट्टे, डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेली. त्याला एम्परर एंजल म्हणतात, म्हणजे एंजल माशांतला सम्राट. पूर्ण वाढला की सुमारे ४० सेंटिमीटर होतो. आपल्या जुन्या मापात जवळजवळ एक हात. तो गोड्या पाण्यातला नाही, खाऱ्या पाण्यातला आहे. प्रवाळाच्या खडकांत राहतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आपल्या लक्षद्वीप-अंदमानपर्यंत आणि पुढे प्रशांत महासागरात तो सापडतो.

या माशाचं पिल्लू मोठ्यासारखं मुळीच दिसत नाही. गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. मोठ्या माशाला बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरांनी १७८७ साली शास्त्रीय नाव दिलं. पुढे १८०१ साली पिल्लाला वेगळीच जात समजून दुसरं नाव मिळालं, तेही आपल्या निकोबार बेटांवरून. आई एका नावानं आणि लेकरू दुसऱ्याच नावानं पुस्तकात! दोघं एकच आहेत हे शास्त्रज्ञांना पुढे कळलं.

आता असा मासा घरात ठेवायचा तर काय लागतं? निदान ७०० ते ८०० लिटर पाणी तरी हवं, असं जाणकार सांगतात. २० लिटरचा हंडा धरला तर ८०० लिटरला ४० हंडे झाले. ते पाणी खारं करायचं. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ८०० लिटरला २८ किलो. आणि आपलं जेवणातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, आणखी बरंच काही असतं. ते सगळं घातलेली खास पावडर घ्यावी लागते.

एवढं करून मासा लगेच सोडता येत नाही. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो त्यालाच विषारी असतो. हा अमोनिया मोडून टाकणारे सूक्ष्म जीव टाकीतल्या दगडांवर वाढावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे जातात. दुधाला विरजण लागल्याशिवाय दही नाही, तसंच हे. आणि पुढे दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदलायचंच. दहावा हिस्सा बदलला तरी ४ हंडे. पाणी भरणारीला हा हिशोब समजावून सांगायची गरज नाही.

पण समुद्रातला जीव काचेत जिवंत ठेवता येतो, हे मुळात दाखवून दिलं कुणी? इतिहास शोधायला बसलो तेव्हा आम्हाला वाटलं होतं, कुणी मोठा प्राध्यापक निघेल. निघाली एक शिवणकाम करणारी बाई.

तिचं नाव जान विलप्रो. फ्रान्समधल्या जुइयाक गावी १७९४ साली जन्मली. बाप चांभारकाम करायचा. १८१२ साली ती पॅरिसला निघाली, ४०० किलोमीटरहून जास्त वाट, आणि ती चालत गेली. तिथे शिलाई करणाऱ्या बाईकडे कामाला लागली. १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिनं केला आणि तिचं नाव झालं. पुढे जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती इटलीजवळच्या सिसिली बेटावर, मेसिना शहरात राहायला गेली. तिथे समोर समुद्र. शिक्षण जेमतेम, पण ती स्वतः वाचून वाचून शास्त्र शिकली.

त्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा एक जीव आहे, आठ हातांचा, कागदासारख्या पातळ शिंपल्यात बसलेला. विद्वानांचा वाद चालला होता. कुणी म्हणे, शिंपला त्याचाच. कुणी म्हणे, त्यानं दुसऱ्याचा पळवलेला. वाद घालणारे बहुतेक मेलेले नमुने बघून बोलत होते. जाननं १८३२ साली काचेच्या टाक्या करून घेतल्या, समुद्रात ठेवायला पिंजरेही केले, आणि जिवंत आर्गोनॉट डोळ्यांसमोर ठेवून बघत बसली. पिल्लू बिनशिंपल्याचं जन्मतं आणि आपला शिंपला स्वतःच तयार करतं, हे तिनं पाहिलं. शिंपल्याचा तुकडा तोडून बघितला, तर तो जीव ते भोक बुजवून घेत होता. शिंपला करते ती मादी, आणि त्यात ती आपली अंडी सांभाळते. म्हणजे ज्याला विद्वान चोरीचा माल म्हणत होते, तो आईनं केलेला पाळणा निघाला.

१८३८ साली तिचे बरेचसे कागद आणि नमुने घेऊन लंडनला निघालेलं जहाज बुडालं. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली. आज तिचं काम लोकांना त्या मानानं कमी माहीत आहे, याचं ते एक कारण असावं. तरी लंडनच्या रिचर्ड ओवेन या मोठ्या शास्त्रज्ञांनी पुढे तिला मत्स्यपालनाच्या या विद्येची आई म्हटलं. १९९७ साली शुक्र ग्रहावरच्या एका मोठ्या खड्ड्यालाही तिचं नाव मिळालं.

दुसरी बाई लंडनची, अ‍ॅना थिन. नवरा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या मोठ्या चर्चमध्ये पदावर. १८४६ साली ती टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली होती. तिथे खडकावरचे जिवंत प्रवाळ तिला फार आवडले. ते बरणीत घालून तिनं लंडनला आणले. प्रवाळाला सगळीकडून पाणी लागावं म्हणून तिनं काय केलं? सुईदोरा घेतला आणि ते प्रवाळ मोठ्या स्पंजाला टाके घालून शिवले. असली अक्कल शिवणाऱ्या हातालाच सुचते.

पण लंडनपासून समुद्र लांब, दर वेळी नवं पाणी कुठून आणणार? तेच पाणी पुन्हा वापरायचं तर त्यात हवा मिसळायला हवी. म्हणून उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, परत उलटं ओतायचं. गरम दूध निववायला आपण वरून धार धरतो ना, तसं. हे रोज अर्धा-पाऊण तास. आणि ते करत होती कोण? घरातली कामाला ठेवलेली पोर.

बाईसाहेबांनीच हे लिहून ठेवलं आहे. काम दमवणारं होतं, पण पोरगी हौशी होती आणि तिला त्यात गंमत वाटायची, असं त्या म्हणतात. असेलही. पण पोरीला काय वाटत होतं ते पोरीनं सांगितलेलं कुठे नाही. तिचं नावही नाही. ते प्रवाळ लंडनमध्ये वर्षानुवर्षं जगले, त्यांना पिल्लंही झाली. त्यांच्यात जीव राहिला तो त्या पोरीच्या मनगटावर, असं आमचं मत आहे.

पुढे अ‍ॅनाबाईंनी टाकीत समुद्रशेवाळ घालून पाहिलं. शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडतं, म्हणून ओतण्याचं काम हलकं झालं. हीच गोष्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञांनी १८५० साली प्रयोग करून मांडली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ साली फिलिप गॉस यांचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर पोचला. अ‍ॅनाबाईंचं टिपण छापून यायला १८५९ उजाडलं, तेही गॉस यांच्या मदतीनं. आपल्याकडेही हे होतंच की. पापड लाटतात बारा जणी, आणि स्टॉलच्या पावतीवर नाव लागतं कुणा एकाच्या नवऱ्याचं.

मग इंग्लंडात वेड लागलं. काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, काच स्वस्त झाली होती. लोक आगगाडीनं किनाऱ्यावर जायचे आणि खडकांतल्या डबक्यांतून मिळेल तो जीव खरवडून आणायचे. गॉस यांच्या मुलानं १९०७ साली लिहिलं, की वडिलांच्या पुस्तकांमुळे आलेल्या गर्दीनं ती सुंदर डबकी उजाड झाली, आणि त्याचं वडिलांना फार दुःख होतं.

आपल्या एंजल माशाची पाळी आली ती बऱ्याच उशिरा. उष्ण समुद्रातला मासा, त्याला २४ ते २७ अंश ऊब लागते. वीज आली, विमान आलं, काच चिकटवायला सिलिकॉन आलं, समुद्रमिठाची पावडर आली, तेव्हा १९६० नंतर तो परदेशातल्या घरांत शिरला. त्या पोरीचं काम पंप करू लागला. आपल्याकडे १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. शाळेच्या सहलीत ते बघितलेल्या तुमच्यातही असतील.

मागणी वाढली तसं दुसरं संकट आलं. फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकात मासे पकडायला सायनाईड वापरू लागले. बाटलीतून विष खडकाच्या कपारीत फवारायचं, मासा गुंगला की हातानं काढायचा. आसपासचा प्रवाळ त्यानं मरतो, आणि पकडलेले कितीतरी मासे पुढे टाकीत दगावतात. जाळ्यानं पकडलेला मासा महाग पडतो, पण तो जगतो. आपल्या देशात प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. घरच्या टाकीसाठी समुद्रातून प्रवाळ तोडून आणणं हा गुन्हा आहे.

तुम्ही विचाराल, मग या माशाची पैदासच का करत नाहीत? अवघड आहे म्हणून. मोठ्या एंजलची अंडी मिलिमीटरभराची, पाण्यावर तरंगत जाणारी. त्यातून निघालेल्या जिवाचं तोंड इतकं बारीक, की त्याला खायला काय द्यायचं हाच प्रश्न. तैवान आणि इंडोनेशियात काहींना अलीकडे ते साधलं आहे, पण बाजारातला बहुतेक मासा अजून समुद्रातूनच धरलेला असतो. मोठा झाला की तो स्पंज खातो. भांडी घासायचा नव्हे, समुद्रातला जिवंत स्पंज. म्हणून खाद्यातही स्पंज मिसळावा लागतो. शिवाय तो भांडखोर. आपल्या जातीचा दुसरा शेजारी त्याला खपत नाही. नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. हौसेनं घेणाऱ्यानं हा आकडा आधी ऐकावा.

ज्याची पैदास जमते त्याचं काम मात्र आपल्याकडे सुरू झालं आहे, आणि ते बायकांच्या हातात आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं शोभेच्या समुद्री कोळंबीची पैदास सुरू केली. बेटावरच्या बायकांना शिकवलं. केंद्रातून पिल्लं घ्यायची, टाक्यांत वाढवायची आणि विकायची, असं ते काम आहे. रोज टाकीतली घाण काढायची, पाणी बघायचं, खाणं बेताचं घालायचं. आपल्या कोकणातल्या गटांच्या मैत्रिणींनी याची चौकशी करायला हरकत नाही. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात प्रशिक्षणाबद्दल विचारता येईल. अर्जावर नाव मात्र जी पाणी बघणार तिचंच घाला. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.