किनाऱ्यावरचे हॉटेल आणि परवान्यांची साखळी : ‘सिदाद द गोवा’ प्रकरणाचा संदर्भ

पणजी : समुद्रकिनारी खासगी हॉटेल उभारण्यासाठी जमीन आणि भांडवल हाती असले, तरी तेवढ्याने काम भागत नाही. नगरनियोजन खाते, महसूल खाते, पंचायत किंवा नगरपालिका, किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. यांपैकी एकाची मान्यता मिळाली, म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. शिवाय सर्व कागद पूर्ण असले, तरी किनाऱ्यावर पूर्वापार ये-जा करणाऱ्या लोकांचा हक्क कायम राहतो. पणजीजवळ ताळगाव हद्दीतील वायंगिणी किनाऱ्यावरच्या ‘सिदाद द गोवा’ या हॉटेलाच्या विस्ताराचा वाद याच मुद्द्यावर उभा राहिला. १९८० मधील भूसंपादनापासून २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत हे प्रकरण छत्तीस वर्षांत पसरले आहे. जलतटावरील प्रकल्पांच्या परवान्यांची चर्चा जेथे होते, तेथे आजही त्याचा दाखला दिला जातो.

प्रकरणाची पार्श्वभूमी

दोना पावलाजवळ वायंगिणीचा छोटा किनारा आहे. त्याच्या उतारावर प्रसिद्ध वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आराखडलेले ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेल १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाले. फोमेंतो रिसॉर्ट्स अँड हॉटेल्स ही कंपनी त्याची प्रवर्तक होती. हॉटेलालगतची काही जमीन पर्यटनविषयक सुविधांसाठी मिळावी, म्हणून शासनाने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली १९८० मध्ये अधिसूचना काढली. या कायद्याच्या सातव्या भागानुसार खासगी कंपनीसाठीही जमीन संपादित करता येत असे. मात्र त्यासाठी कंपनीला कलम ४१ अन्वये शासनाशी करार करावा लागे आणि त्या जमिनीचा लोकांना कोणता उपयोग होईल, हे करारात नमूद करावे लागे. त्याप्रमाणे १९८३ मध्ये करार झाला आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील जनतेच्या हक्काचे कलम त्यात आले.

वादाचे मूळ या कलमात आहे. संपादित जमिनीतून किनाऱ्याकडे जाणारी एक जुनी पायवाट होती. पुढे हॉटेलाचा विस्तारित भाग त्याच जमिनीवर बांधला गेला आणि वाट अडली, अशी तक्रार घेऊन स्थानिक रहिवासी तसेच गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. खंडपीठाने २००० मध्ये याचिकादारांच्या बाजूने निकाल दिला. त्याविरुद्ध कंपनीने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

२० जानेवारी २००९ रोजी न्या. बी. एन. अग्रवाल आणि न्या. जी. एस. सिंघवी यांच्या पीठाने अपील फेटाळले. करारातील अटीचा भंग करून उभारलेला विस्तारित भाग पाडून वाट मोकळी करावी, असा आदेश पीठाने दिला आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत घातली. समुद्र, किनारे, नद्या आणि तलाव ही संपत्ती शासनाकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, हे तत्त्व या निकालात विस्ताराने मांडलेले आहे. विधिक्षेत्रात ते ‘लोकविश्वस्त सिद्धान्त’ म्हणून ओळखले जाते.

निकालानंतरची कायदादुरुस्ती

हॉटेलाचा विस्तारित भाग मात्र पाडला गेला नाही. गोवा शासनाने २००९ मध्येच भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि कलम ४१ ला पूर्वलक्षी प्रभावाने नवी पोटकलमे जोडली. न्यायालयाचा निकाल ज्या आधारावर उभा होता, तो आधारच या दुरुस्तीने बदलला. रोजगार आणि पर्यटन यांचे हित जपण्यासाठी ही दुरुस्ती आवश्यक आहे, अशी शासनाची बाजू होती. एका प्रकल्पाला वाचवण्यासाठी विधिमंडळाने न्यायालयाचा निकाल निष्प्रभ केला, असा विरोधकांचा आक्षेप होता.

दुरुस्तीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. विधिमंडळाला एखादा निकाल थेट रद्द करता येत नाही. परंतु निकाल ज्या कायदेशीर पायावर दिला गेला, तो पाया आपल्या अधिकारकक्षेत राहून बदलण्याची मुभा त्याला असते. या मर्यादारेषेची चर्चा आजही गोव्याच्या उदाहरणासह होते. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून नव्या कायद्याने रद्द झाला आहे. हे हॉटेल पुढे ताज समूहाच्या व्यवस्थापनाखाली गेले.

परवान्यांची साखळी

गोव्यात किनाऱ्यालगत हॉटेल बांधताना जमिनीच्या वापराचा प्रश्न सर्वप्रथम येतो. प्रादेशिक आराखड्यात किंवा नियोजन क्षेत्र असल्यास बाह्य विकास आराखड्यात, म्हणजेच ‘ओडीपी’मध्ये, ती जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे, हे १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली तपासले जाते. जमीन शेतीची असल्यास १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार बिगरशेती वापराची सनद घ्यावी लागते. त्यानंतर नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा बांधकाम परवाना यांची पायरी येते. ग्रामीण भागात पंचायतीचा परवाना १९९४ च्या पंचायतराज कायद्याखाली दिला जातो.

भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत बांधकाम असेल, तर किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यता वेगळी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि १९८१ चा वायुप्रदूषण कायदा यांखाली दोन संमती लागतात. पहिली उभारणीपूर्वीची आणि दुसरी हॉटेल चालू करण्यापूर्वीची. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, इमारत पूर्ण झाल्यावरचा भोगवटा दाखला आणि पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालील नोंदणी या त्यापुढच्या पायऱ्या आहेत.

प्रत्येक कार्यालय आपापल्या कायद्यापुरते पाहते. नगरनियोजन खाते चटईक्षेत्र आणि उंची तपासते, तर पंचायत हद्द आणि रस्ता पाहते. किनारपट्टी प्राधिकरणाचा भर भरतीरेषा, वाळूच्या टेकड्या आणि खारफुटी यांवर असतो. प्रवर्तकाच्या दृष्टीने हा विलंब असतो. परंतु एखादी पायरी गाळून काम सुरू झाले, की पुढे सगळाच प्रकल्प न्यायालयात अडकण्याची शक्यता वाढते.

किनारा नियमनाचा इतिहास

किनाऱ्यावरील बांधकामाला आवर घालण्याचा प्रारंभ नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्राने झाला, असे मानले जाते. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा राखावा, असा त्याचा आशय होता. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली किनारा नियमन अधिसूचना निघाली आणि ‘सीआरझेड’ हा शब्द रूढ झाला. या अधिसूचनेने किनाऱ्याचे चार वर्ग केले. ग्रामीण आणि तुरळक वस्तीच्या तिसऱ्या वर्गात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा बांधकामास निषिद्ध ठरला. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात अटींसह हॉटेलांना वाव राहिला. शहरी भागाच्या दुसऱ्या वर्गात विद्यमान रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडील बाजूसच बांधकाम करता येते.

हॉटेलांसाठीच्या अटी अधिसूचनेच्या परिशिष्टात आहेत. भूखंड किमान ०.४ हेक्टर असावा, चटईक्षेत्र निर्देशांक ०.३३ पेक्षा अधिक नसावा, इमारत दोन मजल्यांची आणि नऊ मीटरपर्यंत उंच असावी, असे त्यात म्हटले होते. वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी समुद्रात सोडण्यास मनाई आहे. दोन हॉटेलांमध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी, अशीही अट आहे. वायंगिणीचा खटला करारातील अटीवर लढला गेला. मात्र त्यातील मूळ प्रश्न या शेवटच्या अटीतही दिसतो.

१९९४ मध्ये केंद्राने हॉटेल उद्योगाला अनुकूल अशा सवलती दिल्या. नद्या आणि खाड्यांलगतचे अंतर १०० मीटरवरून ५० मीटर करणे आणि २०० मीटरच्या पट्ट्यात सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेणे, हे त्यातील प्रमुख बदल होते. एप्रिल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही बदल रद्द केले.

त्यानंतर ६ जानेवारी २०११ रोजी नवी अधिसूचना आली. तिच्यात गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. खाजन जमिनींना संरक्षण देण्यात आले असून मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे विशेष उल्लेखाने जपलेले आहेत. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने नियम सैल केले. २०११ च्या जनगणनेनुसार प्रति चौरस किलोमीटर २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागात निषिद्ध पट्टा २०० मीटरऐवजी ५० मीटर करण्यात आला. मात्र ही सवलत त्या अधिसूचनेनुसार तयार केलेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते. तोपर्यंत जुना आराखडा चालू राहतो. आराखड्यातील भरतीरेषा काही मीटरने सरकली, तरी भूखंडाचे भवितव्य बदलते. आराखड्यांवरील जनसुनावण्या वादळी होतात, त्याचे कारण हेच आहे.

अपुऱ्या परवान्याची किंमत

स्थानिक परवाना हाती असूनही किनारपट्टी प्राधिकरणाची मान्यता नसल्यास काय होते, हे केरळमध्ये दिसले. कोचीजवळील मरडू येथे तत्कालीन पंचायतीने २००६ मध्ये दिलेल्या परवान्यांवर बहुमजली निवासी संकुले उभी राहिली. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले नियंत्रित स्फोटांनी जमीनदोस्त करण्यात आली. प्रत्येक सदनिकाधारकास २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्यास न्यायालयाने सांगितले.

त्याच आठवड्यात, १० जानेवारी २०२० रोजी, वेंबनाड सरोवरातील बेटावर बांधलेल्या कापिको रिसॉर्टवरही सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाची मोहर उमटवली. केरळ उच्च न्यायालयाने तसा आदेश २०१३ मध्येच दिला होता. तेथील ५४ व्हिला पाडण्याचे काम सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. पूर्ण बांधलेले हे रिसॉर्ट पाहुण्यांसाठी रीतसर उघडताच आले नाही.

नदी आणि तलावांचे तट

समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात, जेथे भरतीचे पाणी पोहोचत नाही तेथे, सीआरझेड लागू होत नाही. तथापि लोकविश्वस्त सिद्धान्त तेथेही लागू आहे. भारतीय न्यायालयात तो प्रथम ठळकपणे मांडला गेला, तो नदीकाठच्या हॉटेलाच्याच प्रकरणात. हिमाचल प्रदेशात मनालीजवळ व्यास नदीच्या काठी एका मोटेलसाठी वनजमीन भाडेपट्ट्याने दिली गेली आणि नदीचा प्रवाह वळवण्याचे काम झाले. १३ डिसेंबर १९९६ रोजी ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला.

महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान निर्बंध असतात. अधिसूचित पाणथळ जागांना २०१७ चे केंद्रीय नियम लागू होतात. गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, नौकांचे धक्के वगळता, कायमस्वरूपी बांधकाम त्यांनुसार करता येत नाही. छत्तीसगढच्या रायपूर जिल्ह्यात महानदीच्या काठी गोबरा नवापारा वसले आहे आणि पैलतीरावर राजिम हे तीर्थक्षेत्र आहे. अशा यात्रेच्या ठिकाणी नदीकाठी निवासव्यवस्था उभारताना घाट आणि पात्राकडे जाणारी वाट खुली ठेवण्याचा प्रश्न वायंगिणीपेक्षा वेगळा नसतो.

प्रकरणाचा बोध

वायंगिणीच्या खटल्यात हॉटेलाच्या अस्तित्वाला कोणी आव्हान दिले नव्हते. वाद एका पायवाटेचा होता. संपादनाच्या वेळी ती वाट नकाशावर स्पष्ट आखून तिची रुंदी आणि देखभाल निश्चित केली गेली असती, तर छत्तीस वर्षांचा हा प्रवास बहुधा टळला असता. विस्तारित इमारत कायद्याच्या दुरुस्तीने वाचली. तरीही किनारा खासगी होत नाही, हे २००९ च्या निकालातील तत्त्व पुढील अनेक खटल्यांचा आधार ठरले आहे. जलतटावरील प्रकल्पाचे प्रवर्तक, त्यांना परवाने देणारी कार्यालये आणि किनाऱ्यालगत राहणारे नागरिक या तिघांसाठी परवान्याच्या कागदावरील पहिला प्रश्न म्हणूनच हा ठरतो : पाण्यापर्यंत जाणारी लोकांची वाट कोठून जाते आणि बांधकामानंतर ती कोठून जाणार आहे?