लाटेचा मोसम

'मोसम' हा शब्द आपण आंब्याच्या संबंधाने इतक्या सहजपणे वापरतो की, त्याचे मूळ समुद्रावर आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'मौसिम' हा अरबी शब्द. नेमलेला काळ असा त्याचा अर्थ. अरब नाखव्यांनी तो अमुक बंदरातून अमुक बंदराकडे गलबत हाकारण्याच्या योग्य काळास लाविला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इब्न माजिद ह्या विख्यात नाखव्याने नौकानयनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हिंदी महासागरातील निरनिराळ्या सफरींचे मोसम सांगितले आहेत. पुढे हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी गेला आणि त्यातून इंग्रजीतील 'मॉन्सून' निपजला. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण पाऊस ओळखतो, तो मुळात पावसाचा नसून प्रवासाचा आहे.

हल्ली सुशिक्षित कुटुंबांत मालदीव किंवा श्रीलंका ह्यांसारख्या बेटांवर सुटी घालविण्याची प्रथा पडू लागली आहे. त्यांतील तरुण मंडळींस नुसता किनारा पाहून समाधान होत नाही. फळी घेऊन उसळत्या लाटेवर आरूढ होण्याचा, ज्यास 'सर्फिंग' म्हणतात तो खेळ त्यांस खेळावयाचा असतो. मग प्रश्न उभा राहतो की, ह्यासाठी उत्तम मोसम कोणता? प्रश्न नवा भासतो खरा. परंतु त्याचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा समुद्रापासून सरळ रेषेनेही सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या किल्लारीच्या मुलखातून जातो.

किल्लारी हे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील, तेरणेच्या खोऱ्यातले गाव. ह्याच तेरणेच्या काठाने वर गेले असता तेर लागते. संत गोरोबा काकांचे हे गाव म्हणजेच प्राचीन 'तगर' नगर होय, हे फ्लीट ह्या विद्वानाने १९०१ साली साधार मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नामक जे प्रवासवृत्त लिहिले, त्यात तगराचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. तगराचे जाडेभरडे कापड व तलम वस्त्रे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचेस नेली जात. तेर येथे सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेली मूर्ती ह्यांतील साम्य पाहिले म्हणजे तेरणाकाठचे हे व्यापारी संबंध किती दूरवर पोहोचले होते ह्याची कल्पना येते.

ह्या व्यापाराचा सारा व्यवहार मोसमावर चाले. मिसर देशातून भडोचेकडे निघावयाचे तर जुलैच्या सुमारास निघावे, असे हा ग्रंथकार बजावतो. नैर्ऋत्येचा वारा तेव्हा पाठीशी असतो, आणि पश्चिम किनारा गाठेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. परतीची वाट ईशान्येच्या वाऱ्यावर, हिवाळ्यात. ह्यावरून एक अनुमान सहज निघते. पावसाळ्यात मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत गाडीचे चाक रुतते. तेव्हा तगराच्या गाड्या दसऱ्याच्या सुमारास निघत असाव्यात आणि महिनाभराची मजल मारून परतीच्या जहाजांस गाठत असाव्यात. ज्या वाऱ्याने शेत पिकविले, त्याच्याच उलट फिरण्याने कापड पुढे नेले. मात्र भडोचेस पोहोचणेही सोपे नव्हते. नर्मदेच्या मुखाशी अमावास्येच्या भरतीचे पाणी गर्जना करीत आत घुसे आणि अनोळखी जहाजे उलथी पाडी. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी होड्या घेऊन सामोरे जात व जहाजांस वाट दाखवीत. मोसम ठाऊक असला तरी स्थळाचे ज्ञान स्थानिकांकडूनच घ्यावे लागते, हा धडा त्या काळीही घेतला गेला होता.

किल्लारीचा शेतकरी पावसाची गणना महिन्यांनी करीत नाही, नक्षत्रांनी करतो. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ह्या क्रमाने पेरणीचा हिशेब चालतो, आणि नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा हे पंचांगात पाहिले जाते. आता मौज अशी की, अरबी समुद्राच्या दक्षिण टोकास पसरलेल्या मालदीव बेटांतील कोळीही नेमकी हीच गणना करीत आले आहेत. तेथे वर्षाचे सत्तावीस भाग असून प्रत्येकास 'नकइ' म्हणतात. हे आपले नक्षत्रच होय. अश्विनीचे 'अस्सिद', कृत्तिकेचे 'केति', रोहिणीचे 'रोआनु', पुनर्वसूचे 'फुनोस' अशी ती नावे आहेत. मालदीवने ११५३ साली इस्लामचा स्वीकार केला. परंतु त्यापूर्वीच्या काळातील हे आकाशाचे पंचांग टिकून राहिले. आपल्या आणि त्यांच्या तारखांत चार-पाच दिवसांचा फरक पडतो, इतकेच. एकाने त्यावरून तिफण केव्हा जुंपावी हे ठरविले, दुसऱ्याने होडी केव्हा लोटावी हे ठरविले.

फळीवर उभे राहून लाट हाकण्याची कला मात्र पॅसिफिक महासागरातील बेटांची आहे. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९ साली, जोसेफ बँक्स ह्याने ताहिती येथे लाटांवर खेळणारे लोक पाहिले. तिसऱ्या सफरीत, १७७९ साली, कुकचा सहकारी जेम्स किंग ह्याने हवाईतील फळीच्या खेळाचे सविस्तर वर्णन लिहून ठेविले. हवाईच्या लोकांनीही ह्या खेळास मोसम नेमून दिला होता. सायंकाळी पूर्वेस कृत्तिकांचा पुंजका उगवू लागला की 'मकाहिकी' नामक उत्सवकाल सुरू होई. तो सुमारे चार महिने चाले. त्यात युद्धास बंदी असे आणि खेळांस मोकळीक. आपल्याकडे ज्या कृत्तिकांवरून कार्तिक मासास नाव मिळाले, त्याच ह्या कृत्तिका. उत्तर पॅसिफिकमधील हिवाळी वादळांच्या लाटा ह्याच महिन्यांत हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन आदळतात. धर्म, क्रीडा व निसर्ग ह्यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो. १८२० साली ख्रिस्ती धर्मोपदेशक तेथे आल्यानंतर हा खेळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे पुनरुज्जीवन झाले. १९१२ च्या ऑलिंपिकमधील विजयी जलतरणपटू ड्यूक काहानामोकू ह्याने तो सिडनीजवळ करून दाखविला. पुढे १९७३ साली टोनी हाइंड नामक ऑस्ट्रेलियन तरुणाचे गलबत मालदीवच्या प्रवाळ-खडकांवर फुटले. त्या अपघाताने त्यास तेथील लाटांचा शोध लागला, आणि तो त्या बेटांचाच होऊन राहिला.

ह्या लाटा येतात कोठून? दक्षिण गोलार्धात, चाळीस अक्षांशांच्या पलीकडे, वाऱ्यास जमिनीचा अडथळा जवळजवळ नाही. तेथील हिवाळ्यात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात, प्रचंड वादळे उठतात. त्यांतून निघालेल्या लांब लाटा, वारा मागे पडला तरी, हजारो किलोमीटर चालत राहतात. दक्षिणेच्या अशा लाटांचा थेट अलास्कापर्यंत माग काढण्याचे काम वॉल्टर मंक ह्या शास्त्रज्ञाने १९६३ साली केले. प्रवाळाच्या कड्याशी पाणी एकाएकी उथळ झाले की लाटेचा पायथा अडखळतो, माथा पुढे झुकतो, आणि फळीस्वारास हवी असलेली पाण्याची भिंत उभी राहते. जवळच्या वाऱ्याने उठलेली आखूड, विस्कळित लाट ह्या कामाची नाही. म्हणून उत्तम मोसम म्हणजे दूरचे वादळ आणि जवळची शांतता ह्यांचा योग होय.

हे तत्त्व ध्यानी घेतले म्हणजे महिने आपोआप ठरतात. मालदीवमध्ये मार्च ते मे ह्या काळात वारा मंद व लाट मध्यम असते. नवशिक्याने तेव्हा जावे. जून ते ऑगस्टमध्ये लाटा सर्वांत मोठ्या येतात, परंतु पाऊस व वारा सोसावा लागतो. तथापि माले बेटाभोवतालच्या लाटांच्या प्रसिद्ध जागा पूर्वेकडील कड्यावर असल्यामुळे पश्चिमेचा वारा तेथे बेटांवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेस बिघडविण्याऐवजी सावरून धरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा अनुकूलता येते. डिसेंबर ते मार्चच्या आरंभापर्यंत समुद्र निवळलेला असतो. मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबास हाच काळ सोयीचा, पण फळीस्वारास निरुपयोगी. श्रीलंकेत एकाच देशात दोन मोसम आहेत: एप्रिल ते ऑक्टोबर पूर्वेकडील अरुगम बे, नोव्हेंबर ते एप्रिल नैर्ऋत्येचा किनारा. आपल्या कोकणात मात्र पावसाळ्यात वारा थेट किनाऱ्यावर येतो. म्हणून होड्या ओढून झाकून ठेवितात आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून मगच पुढे जातात. शिवाजी महाराजांनी मालवणहून बसरूरवर आरमार नेले ते १६६५ च्या फेब्रुवारीत, ह्याचे मर्म ह्यातच आहे. तेव्हा उत्तम मोसम असा सर्वांसाठी एक नसतो. शेतकरी, व्यापारी, कोळी आणि फळीस्वार ह्यांनी एकाच वाऱ्याकडे चार दृष्टींनी पाहिले, आणि चौघांचीही उत्तरे खरी ठरली.

परंतु ह्या सर्व शहाणपणास एक मर्यादा आहे, आणि ती किल्लारीस जितकी ठाऊक आहे तितकी क्वचितच दुसऱ्या गावास ठाऊक असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असता, धरणी हादरली आणि त्या परिसरात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे हे पठार स्थिर म्हणून गणले जात होते. कोणत्याही नक्षत्राने त्या पहाटेची सूचना दिली नव्हती. अकरा वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, सुमात्र्याजवळ समुद्रतळ हादरला आणि सुमारे सव्वातीन तासांनी मालदीववर त्सुनामी कोसळली. तेथे ऐंशीहून अधिक, तर श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक लोक दगावले. तो काळ समुद्र शांत असण्याचा, प्रवाशांनी किनारे गजबजण्याचा, सर्वांनी उत्तम म्हणून वाखाणलेला मोसम होता. वाऱ्याची लाट पंचांग पाळते. भूकंपाची लाट पाळीत नाही.

ह्यावर माणसाने शोधलेला उपाय मोसमाचा नसून इशाऱ्याचा आहे. किल्लारी १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्याच्याच राजधानीत २००७ पासून भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र काम करीत आहे, आणि तेथील सागरी माहिती संस्था दक्षिणेहून येणाऱ्या मोठ्या लाटांचेही अंदाज देते. तेव्हा बेटावर जाणाऱ्याने महिना निवडताना वाऱ्याचा विचार करावा, पाण्यात उतरण्यापूर्वी तेथल्या कोळ्यास विचारावे, आणि मुक्कामी पोहोचताच भक्कम इमारतीच्या वरच्या मजल्याचा जिना कोठे आहे हे घरातील लहानथोर सर्वांस दाखवून ठेवावे.