नासिकचा खटला आणि कबुलीजबाबाचे प्रामाण्य

गोदावरीच्या एका तीरावर पंचवटी, तर दुसऱ्या तीरावर जुने नासिक. या जुन्या गावातील विजयानंद नाट्यगृहात दि. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याचा वध केला. त्यानंतर ३८ आरोपींवर भरलेला कटाचा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे, ज्यूरीवाचून चालला. काही आरोपींनी मॅजिस्ट्रेटपुढे दिलेले कबुलीजबाब, ते पोलिसांच्या छळामुळे दिले असे सांगून, न्यायालयात नाकारले.

या नकाराचे मर्म तत्कालीन कायद्याच्या रचनेत सापडते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली त्याज्य ठरविली होती. पोलिसांच्या ताब्यातील इसमाची कबुली मॅजिस्ट्रेटच्या समक्ष झाली तरच ग्राह्य होती. म्हणजे आरोपीच्या रक्षणाचा भार वकिलावर नव्हे, तर मॅजिस्ट्रेटवर होता. 'कबुली देण्यास तू बांधलेला नाहीस' असे आरोपीस आधी समजावून सांगण्याचे बंधन तर फौजदारी व्यवहार संहितेत १९२३ मध्ये आले. नासिकच्या आरोपींना त्याचा लाभ नव्हता.

'कबुलीजबाब' हा शब्दच येथे उद्बोधक आहे. 'जबाब' म्हणजे उत्तर. उत्तरामागे प्रश्न असतो. मॅजिस्ट्रेट आपल्यापुढील प्रश्नोत्तरे लिहून घेई. परंतु तत्पूर्वी कोठडीत कोणी काय विचारले, हे त्या कागदावर उमटत नसे. वकिलाच्या अभावी त्या मौनाला साक्षीदार उरत नसे.

हाच प्रश्न शतकानंतर मुंबईत पुन्हा उभा राहिला. अजमल कसाबने २००९ मध्ये मॅजिस्ट्रेटपुढे वकिलावाचून दिलेला कबुलीजबाब सर्वोच्च न्यायालयाने दि. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात ग्राह्य धरला. अमेरिकेतील १९६६ च्या मिरांडा निर्णयाचा नियम येथे लागू करण्याचे कारण नाही, भारतीय कायद्यातील संरक्षण पुरेसे आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. तथापि आरोपीस प्रथम हजर केले जाताच वकिलाच्या हक्काची जाणीव देणे हे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्य होय, असेही त्याच निकालाने बजावले.

दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितांतही मॅजिस्ट्रेटवरील हा विश्वास कायम आहे. नासिकच्या आरोपींची तक्रार मात्र मॅजिस्ट्रेटच्या दालनाविषयी नव्हती. ती त्या दालनात येण्यापूर्वीच्या घटकांविषयी होती. त्या घटकांचा साक्षीदार कोण, याचे उत्तर कायद्याने अद्याप अर्धेच दिले आहे.